गॅलरीतले गिरगाव आणि खोलीतले गिरगाव

दिवाळी अंकात गिरगावाविषयी लिहावयाचे म्हणजे माहेरच्या गोष्टी माहेरीच सांगण्यासारखे आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक मुंबईत काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची रीत मराठी घरांत पडली. पुढे कितीतरी वर्षे या अंकांचे खिळे गिरगावच्या गल्ल्यांतून जुळत होते. खटाववाडीत ‘मौजे’चा छापखाना होता आणि १९८२ पर्यंत चाललेल्या ‘सत्यकथे’चा पत्ताही तोच. केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ, ठाकुरद्वाराच्या बाजूला ढवळ्यांचे प्रकाशन, अलीकडे ‘मॅजेस्टिक’चे पुस्तकांचे दुकान. मराठी पुस्तकाचा जन्मदाखला पाहू गेल्यास त्यावर बहुतेक वेळा गिरगावचाच शिक्का सापडेल.

ज्या वस्तीने इतरांच्या कथा छापल्या, त्या वस्तीची स्वतःची कथा मराठी साहित्याने कशी सांगितली, एवढाच प्रश्न मला आज विचारावयाचा आहे.

आता हा प्रश्न लासलगावात बसून विचारण्याचे कारण काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर सोपे आहे. गिरगावात राहणाऱ्याने गिरगाव पाहिले. आम्ही तालुक्याच्या गावातल्या मंडळींनी ते वाचले. वाचनालयात दिवाळी अंक आला की त्याच्यामागे दहा-बारा घरांची रांग लागे, आणि आमचा क्रमांक येईपर्यंत तुळशीचे लग्न होऊन जाई. त्या अंकांनी आम्हांला मुंबई म्हणजे चाळ आणि चाळ म्हणजे गिरगाव असे समीकरण शिकविले. ते समीकरण कितपत खरे होते, हे तपासून पाहण्याचा हक्क वाचकालाही असला पाहिजे.

शिवाय लासलगाव आणि गिरगाव हे एकमेकांना अगदीच परके नाहीत. आमच्या गावावरून जाणारा लोहमार्ग मूळचा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा. त्या कंपनीच्या उभारणीत जे मोजके हिंदी गृहस्थ होते, त्यांत अग्रभागी नाना शंकरशेट, आणि त्यांचा वाडा गिरगावात. आमच्याच नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी आपला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी लोकांपुढे मांडला, तो गिरगावच्या कॉरोनेशन नाट्यगृहात. आणि गिरगावातल्या एका गल्लीचे नाव तर चक्क कांदेवाडी आहे! कांद्याच्या गावच्या माणसाला याहून अधिक आमंत्रण काय हवे?

* * *

वाड्यांच्या नावांतच गिरगावचा पूर्वेतिहास आहे. गिरगाव म्हणजे गिरिग्राम, मलबार टेकडीच्या पायथ्याचे गाव, असे जुने जाणते सांगतात. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावे उच्चारली की आजही क्षणभर सावली पडल्यासारखी वाटते. इथे माडांची आणि फळझाडांची आगरे होती. १८०३ साली कोटात मोठी आग लागली. त्यानंतर माणसे कोटाबाहेर पसरू लागली आणि हळूहळू बागांतून घरे उगवली. पाठारे प्रभूंचे वाडे आले, खोताच्या वाडीत ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी जिन्यांची घरे आली, गुजराती व्यापारी आले. १८६१ नंतर कापसाचा भाव चढला, मुंबईत पैसा आला, आणि त्या पैशामागोमाग कोकणातून व देशावरून लिहिता-वाचता येणारा तरुण आला. तो कचेरीत कारकून झाला, शाळेत मास्तर झाला, छापखान्यात मुद्रितशोधक झाला. त्याला राहावयाला जागा हवी होती. मालकाला जमिनीचे भाडे हवे होते. या दोन गरजांतून चाळ जन्माला आली. झाडांची वाडी माणसांची वाडी झाली, नाव मात्र झाडाचेच राहिले.

या माणसांनी जागा लहान असूनही मोठी कामे केली. प्रार्थना समाजाची स्थापना १८६७ सालची. त्याचे मंदिर इथले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन उघडले ते चौपाटीजवळ. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, आणि तिथला उत्सव आजही चालू आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले. त्यांच्या देहाला अग्नी दिला गेला तो गिरगावच्या वाळूत. १९३१ साली पहिला बोलपट ‘आलम आरा’ बोलला तो इथल्या मॅजेस्टिक चित्रगृहात. एवढ्याशा वस्तीच्या पदरी एवढा इतिहास आहे की तो नुसता मोजावयाचा म्हटला तरी बोटे अपुरी पडतात.

इतिहास असा नोंदीत सापडतो. स्वभाव मात्र वाङ्मयात शोधावा लागतो.

* * *

मुंबईचे मराठीतले पहिले मोठे चित्र गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहून काढले. ते एका कौतुकाने भरलेल्या माणसाचे चित्र आहे. शहर कसे वाढले, कोण लोक आले, देवळे किती, बाजार कसले, हे सारे तो आपल्याला हाताला धरून दाखवितो. पण हा दाखविणारा रस्त्यावरून चालतो. घरात तो शिरत नाही, आणि शिरण्याची त्या काळी अपेक्षाही नव्हती.

घरात शिरले ते हरिभाऊ आपटे. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणुकी’त येऊ लागली. यमू नवऱ्याबरोबर मुंबईस येते आणि तिच्या आयुष्यातले सुखाचे दिवस मुंबईच्या त्या छोट्या बिऱ्हाडात जातात. हे सुख कसले होते? वडीलधाऱ्यांचा पहारा नाही, नवरा-बायको मोकळेपणी बोलतात, पुस्तक वाचतात. एवढेच. मुंबईचा समुद्र, दिवे, गर्दी यांचे हरिभाऊंना अप्रूप नाही. एका स्त्रीला दार लावून घेता येईल अशी खोली मिळणे ही केवढी मोठी घटना आहे, हे त्यांनी ओळखले. खोलीचे खरे मोल आपल्या वाङ्मयात इतक्या आधी सांगून झाले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण पुढे आपण ती विसरलो.

गिरगावचे नाव काढताच आज ज्या पुस्तकाची आठवण होते ते अर्थातच पु. ल. देशपांडे यांचे १९५८ सालचे ‘बटाट्याची चाळ’. पु. लं.चा जन्मच गावदेवीचा, म्हणजे गिरगावच्या उंबरठ्यावरचा. त्यांची चाळ कुठल्या गल्लीत आहे हे शोधीत कोणी बसत नाही. वाचक ती गिरगावातच धरून चालतो. सोकाजी त्रिलोकेकर, अण्णा पावशे, जनोबा रेगे, एच्च. मंगेशराव, आचार्य बाबा बर्वे ही मंडळी आमच्या गावातही इतकी ओळखीची झाली की एखाद्याने उगाच पुढारीपणा केला की त्याला चाळीतले नाव मिळे. माझ्या मते मराठीत एका वस्तीचा एवढा नेमका आवाज दुसऱ्या कुणाला पकडता आलेला नाही. ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ हे प्रकरण घ्या. संयुक्त महाराष्ट्राची घोषणा ताजी असताना तिच्याच तालावर चाळीतली माणसे बंद गच्चीसाठी लढा उभारतात. थट्टा आहे ती चळवळीची नव्हे. मोठ्या शब्दांची सवय झालेल्या लहान जागेतल्या माणसांची आहे. आणि तरीही त्या माणसांविषयी लेखकाच्या मनात तिटकारा नाही. शेवटच्या चिंतनात तर हसू ओसरते आणि पडावयास आलेल्या चाळीविषयीची कळ वाचकाच्या घशाशी येते. एवढे साधणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु या थोर पुस्तकाने नकळत एक पायंडा पाडला. ते चाळीकडे गॅलरीतून पाहते. गॅलरीत भेटतात ते पुरुष: संध्याकाळी कचेरीतून आलेले, सदरा काढून उभे राहिलेले, सभा भरविणारे, ठराव मांडणारे. बायका येतात, पण बहुधा नवऱ्याच्या बोलण्यातून, किंवा दाराआडच्या एखाद्या टोमण्यातून. विनोदाला गॅलरीच सोयीची, हे मला मान्य आहे. तिथे चार माणसे एकत्र येतात, चौघांचे चार स्वभाव आपटतात, ठिणगी उडते. पण पु. लं.नंतर ज्यांनी ज्यांनी गिरगावच्या आठवणी लिहिल्या, त्यांच्यापाशी पु. लं.ची दृष्टी नव्हती; गॅलरी मात्र होती. मग वर्षानुवर्षे दिवाळी अंकांतून तेच लेख येत राहिले. एकाच्या घरी पाहुणा आला की चार घरांतून चहा-साखर कशी येई, दारे कशी सताड उघडी असत, कोजागिरीला गच्चीवर दूध कसे आटे. हे सारे खरे आहे. पण अर्धे खरे आहे.

* * *

माझी एक आत्या गिरगावातल्या एका वाडीत दीड खोलीत राहत होती. खोलीला मोरी होती, मोरीला पडदा होता आणि घरात नऊ माणसे होती. सुट्टीत आम्ही लासलगावहून कांद्याची गोणी घेऊन गेलो की ती दहा होत. गोणी ठेवावयाला जागा नसे. ती गॅलरीत ठेवावी लागे आणि मग साहजिकच सगळ्या मजल्याला कांदे वाटावे लागत. ‘आत्या, तुमच्याकडे शेजार किती चांगला!’ असे मी एकदा म्हणालो. ती म्हणाली, “चांगलाच आहे रे. पण दार उघडं ठेवतो ते प्रेमानं नाही, वारा येत नाही म्हणून.” पहाटे चारला उठून ती नळावर नंबर लावी. रात्री पुरुष आणि मुले गॅलरीत झोपत, म्हणून उन्हाळ्यातही तिला आतच निजावे लागे. जी गॅलरी वाङ्मयात सगळ्या चाळीचे काळीज झाली, ती आत्याच्या वाट्याला दुपारी तांदूळ निवडण्यापुरती येई.

आत्याचे ते वाक्य मला कुठल्याही पुस्तकात सापडले नाही. आमच्या वाङ्मयातली दारे नेहमी प्रेमानेच उघडी राहिली.

आणि दुसरी गोष्ट भाड्याची. १९४७ साली मुंबई राज्याने भाडेनियंत्रणाचा कायदा केला आणि १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण धरले. भाडे गोठले. योगायोग असा, की त्याच १९४७ साली लासलगावात बाजार समिती स्थापन झाली. गिरगावात खोलीचा भाव जणू दगडावर कोरला गेला, आणि आमच्याकडे कांद्याचा भाव रोज सकाळी लिलावात नव्याने बोलला जाऊ लागला. कांद्याचा भाव कोसळलेला पाहिलेल्या माणसाला गोठलेल्या भाड्याची किंमत चटकन कळते. भाडे वाढत नाही म्हणून माणूस खोली सोडत नाही. आजोबांची खोली नातवापर्यंत येते. तीन पिढ्या तेच शेजारी राहतात. त्रिलोकेकर आणि पावशे यांची मैत्री आणि भांडणे इतकी मुरतात ती याच्यामुळे! चाळीतला तो प्रसिद्ध जिव्हाळा माणसांच्या चांगुलपणावर उभा होता तसाच या कायद्यावरही उभा होता.

त्या कायद्याची दुसरी बाजूही होती. भाडे वाढत नाही, तर मालक डागडुजी कशाला करील? जिने हलू लागले, तुळयांना टेकू आले. १९६९ साली सरकारला दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळासाठी वेगळा कायदा करावा लागला. नव्या माणसाला खोली हवी तर पागडी मोजावी लागे. ज्याच्यापाशी पागडी नाही त्याला गिरगाव बंद. आणि पागडी असूनही जातीची चौकशी झाल्याशिवाय कित्येक वाड्यांत किल्ली मिळत नसे. ज्या मुळातून चाळीचे हसू फुटले त्याच मुळातून तिची पडझडही फुटली. हे एकाच झाडाचे दोन फांटे आहेत. आपल्या लेखकांनी एका फांदीवर झोपाळा बांधला आणि दुसरीकडे पाठ केली.

* * *

खोलीत कोणी गेलेच नाही असे मात्र नाही. गेले, पण गिरगावच्या बाहेरचे गेले.

भाऊ पाध्ये यांचे ‘वासूनाका’ १९६५ साली आले आणि मोठे वादळ झाले. चाळीतली पोरे गॅलरी सोडून नाक्यावर उभी राहिली. त्यांच्या तोंडी सभेची भाषा नव्हती. शिवी होती, वासना होती, वैताग होता. सुसंस्कृत वाचक दचकला. मला वाटते, त्या पोरांना नाक्यावर कोणी ढकलले हा प्रश्न तेव्हा विचारावयास हवा होता. दीड खोलीत वाढलेल्या तरुणाला एकांत मिळावयाचा कुठे? नाक्यावरचा तो उद्दामपणा म्हणजे खोलीत नसलेल्या जागेचीच दुसरी बाजू होती. यमूला जी खोली मिळाली म्हणून ती माणूस झाली, ती या पोरांना कधीच मिळाली नाही.

१९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. त्यातला कावाखाना नागपाड्याकडचा. गिरगावहून पायी जाता यावे एवढ्या अंतरावर. पण मराठी वाचकाला ते अंतर कापावयाला कित्येक दशके लागली. पवारांनी खोलीच्या आतले सगळे सांगितले: कोण कुठे निजते, कोण काय वेचून आणते, कोण कुणाला मारते. त्यांनी कुणाची लाज राखली नाही, स्वतःची तर नाहीच. तरीही त्या पुस्तकात जिव्हाळा आहे. गॅलरीवाचूनही जिव्हाळा असतो, हे त्याने सिद्ध केले.

आणि १९९७ साली जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक रंगभूमीवर आले. १९८२ च्या गिरणीसंपानंतरचे गिरणगाव, चाळीतली एक खोली, तीत एक आई आणि तिची कामाधामावाचून राहिलेली मुले. पडदा वर जातो तेव्हा आपण थेट खोलीत असतो आणि शेवटपर्यंत बाहेर पडू शकत नाही. प्रत्येक पात्राचा दुसऱ्याला धक्का लागतो, कारण जागाच नाही. भांडण हे तिथे स्वभावाचे नसून जागेचे आणि पैशाचे आहे. हरिभाऊंनी उघडलेले दार शंभर वर्षांनी पुन्हा उघडले ते असे. परळ-लालबागला आपला नाटककार मिळाला, याचा मला आनंद आहे. गिरगावला तो मिळाला नाही, याची खंत आहे.

असे का व्हावे? माझे उत्तर असे. गिरगावकर लिहिणारा होता, छापणारा होता, समीक्षाही तोच करी. ज्याच्या हाती लेखणी असते तो आपली गॅलरी झाडून-पुसून दाखवितो. आतला पसारा पाहुण्यांना दाखविण्याची आपली रीत नाही. गिरणगावला आणि कावाखान्याला राखावयाला अब्रूच ठेवली नव्हती, म्हणून त्यांना खरे बोलता आले. पांढरपेशा माणसाचे दारिद्र्य हे इस्त्री केलेले दारिद्र्य होते. त्याची घडी मोडू नये म्हणून आपले वाङ्मय फार जपून वागले.

* * *

आज हे उकरून काढण्याची गरज आहे, कारण गिरगाव आता फार वेगाने बदलत आहे. जुने गिरगावकर बोरिवली, डोंबिवली, दहिसरकडे गेले. चाळींच्या जागी उंच इमारती आल्या. २०२५ साली गिरगावच्या पोटातून भुयारी मेट्रो धावू लागली, आणि तिच्या स्थानकासाठी काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला गेलेली माणसे नटूनथटून परत येतात, फडके मंदिराच्या परिसरात फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने आपापल्या उपनगरात परततात. त्यांच्या डोळ्यांतले पाणी खोटे नाही. पण त्या पाण्यातून दिसते ते पुन्हा गॅलरीचेच चित्र.

अशा चित्राने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. आपण जर ठरविले की पूर्वी सगळे एकोप्याने राहत होते आणि आता फ्लॅटच्या बंद दारांनी माणुसकी गेली, तर आत्यासारख्या हजारो बायकांनी दार लावता यावे म्हणून जन्मभर जी आस धरली, तिला आपण माणुसकीचा शत्रू ठरवितो. ज्या मुलीला डोंबिवलीच्या दोन खोल्यांत पहिल्यांदा अभ्यासाचे टेबल मिळाले, तिच्या सुखाला आपल्या वाङ्मयात जागाच उरत नाही. गिरगाव सोडताना माणसे रडली, हे पुष्कळांनी लिहिले. पण नव्या घरात पहिल्या रात्री दार आतून लावून कोण कसे झोपले, हे कोणी लिहिले नाही. मला ती कादंबरी हवी आहे.

ती केवळ गिरगावची राहणार नाही. आमच्या लासलगावातही जुने वाडे पडून बंगले आणि फ्लॅट उभे राहत आहेत, आणि वाड्याच्या चौकाविषयी हळवे लेख आताच सुरू झाले आहेत. चौकात तुळस होती, हे त्यांत असते. माजघरात उजेड नव्हता, हे नसते.

‘बटाट्याची चाळ’ मी पुन्हा वाचीन, आणि पुन्हा हसेन. मोठ्या लेखकाने गॅलरी दाखविली म्हणून त्याला खोलीचा हिशोब मागणे हा रडीचा डाव होईल. हिशोब मागावयाचा तो त्याच्यामागून येऊन तिथेच रेंगाळलेल्यांना, आणि तेवढ्यावर समाधान मानणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना. यंदा फराळ चालू असताना घरातल्या एखाद्या थोरल्या बाईला, मग ती आजी असो, मावशी असो की आत्या, एवढेच विचारा: तुझ्या पहिल्या बिऱ्हाडाची खोली केवढी होती, आणि तीत तुझी स्वतःची जागा कोणती होती? ती काय सांगते ते कोणीतरी उतरून घ्या. गिरगावचे न लिहिलेले पुस्तक तिथूनच सुरू होणार आहे.